परक्या गावात गाणं कसं टिकतं

भाद्रपद शुद्ध तृतीयेला कोकणातल्या घरांत हरतालिका असते. वाळूची पिंडी, सखी-पार्वती, पत्री, उपास, रात्रीचं जागरण. दुसऱ्या दिवशी गणपती यायचे असतात, त्यामुळे बायकांना त्या दिवशी टेकायलाही फुरसत नसते, तरी उपास चुकत नाही. याच तिथीला नेपाळात तीज असते. तिथल्या बायका आदल्या रात्री 'दर' म्हणून पोटभर गोडधोड जेवतात, दुसऱ्या दिवशी लाल साडी नेसून शंकरासाठी कडकडीत उपास धरतात आणि दिवसभर गातात, नाचतात. मागची कथा एकच, मैत्रिणींनी पार्वतीला रानात पळवून नेलं ती. रत्नागिरी-देवगड पट्ट्यात ही दोन्ही व्रतं आता कधी कधी एकाच आवारात होतात. बागेच्या मालकिणीची हरतालिका घरात आणि राखणदाराच्या बायकोची तीज मागच्या मांगरात.

फरक गाण्यांत आहे. हरतालिकेची कहाणी आणि आरत्या ठरलेल्या असतात. तीजची गाणी बायका दरवर्षी नवी रचतात. डेब्रा स्किनर आणि डोरोथी हॉलंड या अमेरिकी अभ्यासकांनी मध्य नेपाळच्या डोंगराळ भागात राहून या गाण्यांवर पुष्कळ काम केलं. त्यांना तीजच्या गाण्यांचे दोन मोठे गट दिसले. एक दुःखाची गाणी: सासूचा जाच, दारुडा नवरा, आणलेली सवत, भावाला शाळा आणि बहिणीला गोठा. दुसरा राजनीतीची गाणी. १९९० साली नेपाळात बहुपक्षीय लोकशाहीसाठी आंदोलन झालं, त्यानंतर हा दुसरा गट वाढला. म्हणजे वर्षातून एकदा, देवाच्या नावाखाली, चारचौघांत, सासूच्या तोंडावर सासूची तक्रार गाता येते. एरवी बोलली तर भांडण होईल. गाण्यात म्हटलं तर चालतं.

मालकिणीला हे बहुधा माहीत नसतं. तिला इतकंच दिसतं की मागच्या बायका छान नाचतात.

'स्थलांतरित स्त्रिया, संगीत आणि ओळख' हा विषय विद्यापीठात फार जड शब्दांत शिकवतात. कोकणात बसून तो सोपा होतो, कारण इथे स्थलांतर आणि गाणं दोन्ही मुबलक. शिवाय इथे दोन्ही दिशांची माणसं आहेत: इथून दूर गेलेली आणि दुरून इथे आलेली.

आधी 'ओळख' म्हणजे काय ते पाहू. आपण साधारण असं धरून चालतो की माणसाजवळ एक तयार ओळख असते, नेपाळी, मराठी, ज्यू, आगरी, आणि गाणं ती बाहेर दाखवतं. सायमन फ्रिथ या ब्रिटिश अभ्यासकाने १९९६ साली हा क्रम उलटा करून दाखवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आधी गट आणि मग त्याचं गाणं असं नसतं. एकत्र गाताना, ऐकताना, नाचतानाच 'आम्ही' कोण ते ठरत जातं. ओळख घडत राहते, आणि गाणं हे ती घडण्याचं एक ठिकाण आहे.

हे पटायला परदेशी जायची गरज नाही. लग्न होऊन दुसऱ्या गावात गेलेली प्रत्येक बाई स्थलांतरितच असते. मालवणातली मुलगी गुहागरात दिली तर तिची बोली बदलते, कालवणाचं वाटप बदलतं, देवी बदलते. गौरी-गणपतीत ती फुगडीला उभी राहते तेव्हा पावलं तिला येत असतात, गाणं येत नसतं. पहिल्या वर्षी ती नुसती फिरते. दुसऱ्या वर्षी ध्रुवपद धरते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कधीतरी माहेरची एक ओळ घुसवते, आणि सासरच्या बायकांनी ती उचलली की ती त्या वाडीची झाली असं समजायला हरकत नाही. जातं होतं तेव्हा हेच काम ओवी करायची. ओवी भावासाठी, आईसाठी, माहेराच्या वाटेसाठी. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या चाळल्या तर माहेर हा विषय किती वेळा येतो ते दिसतं. पिठाची गिरणी आली आणि पहाटे दोघींनी समोरासमोर बसायचं कारण संपलं. ओव्या कुणी बंद केल्या नाहीत, त्यांना म्हणायची वेळच उरली नाही.

माझं सगळं म्हणणं या जात्यापाशी आहे. परक्या ठिकाणी गाणं टिकायला दोन गोष्टी लागतात. एक, गायचं निमित्त. दोन, पुढची ओळ उचलणारी दुसरी बाई. आवड, अभिमान, संस्कृतीप्रेम हे सगळं नंतर येतं. बाई एकटी पडली की तिला गाणं आठवत राहतं, पण ते म्हटलं जात नाही.

आता बागेतल्या बाईकडे परत येऊ. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. हापूसच्या बागांत राखण, पाणी, फवारणी, आंबा उतरवणं, पेट्या भरणं, किंवा मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून, अशी ही माणसं गेली कित्येक वर्षं येतायत. आमच्याकडे सगळ्यांना सरसकट 'गुरखे' म्हणतात. ते चूक आहे, पण रूढ आहे. यातली पुष्कळ कुटुंबं नेपाळच्या पश्चिम आणि सुदूर पश्चिम भागातली. त्या भागाची स्वतःची बोली, स्वतःचे सण आहेत. काठमांडूच्या माणसालाही त्यांचं सगळं कळतं असं नाही.

कामाचं वेळापत्रक आणि सणांचं वेळापत्रक इथे एकमेकांत अडकतात. आंब्याचा हंगाम मोहोरापासून पावसाच्या तोंडापर्यंत. हंगामापुरतं आलेलं कुटुंब पावसात गावी जातं, त्यामुळे त्या बाईची तीज माहेरी किंवा निदान नेपाळात होते. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात जातात, म्हणजे खलाशाबरोबर राहणारी बाई तीजला इथेच असते. वर्षभर राखणीला ठेवलेल्या कुटुंबाचंही तसंच. एकीला निमित्त आणि सोबत दोन्ही मिळतं, दुसरीला निमित्त मिळतं, पण सोबत किती ते शेजारच्या चार बागांत कोण राहतं यावर अवलंबून.

समजा पाच-सहाजणी जमल्या. दुःखाची गाणी झाली. पण ज्या सासूला ऐकवायची ती सहाशे कोसांवर. तक्रारीच्या गाण्याला ऐकणारा लागतो, आणि ऐकणाऱ्याला ते झोंबावं लागतं. इथे आजूबाजूला मराठी माणसं, त्यांना शब्द कळत नाहीत. याचा फायदाही आहे: मुकादमाबद्दल, पगाराबद्दल, बागेच्या मालकाबद्दल वाट्टेल ते गाता येतं. पण ज्याच्याबद्दल गायलं त्याने मान डोलावून 'वा, छान' म्हणावं, यात गंमत असली तरी गाण्याची धार जाते. तेच गाणं गावच्या चौकात म्हटलं तर निषेध ठरतं. इथे ते लोकनृत्य होऊन बसतं. परक्या मुलखात बाईच्या गाण्याचं होतं ते मुख्यतः हेच: गाणं तसंच राहतं आणि ऐकणारा बदलतो, म्हणून अर्थ बदलतो.

मोबाइलने यात थोडी भर घातली आहे. संध्याकाळी मांगरात दोहोरी वाजते. दोहोरी म्हणजे बाई आणि पुरुष यांच्यातला गाण्यातला सवाल-जवाब, दोन्ही बाजू जागच्या जागी रचतात. आपल्या शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या ज्यांनी रात्रभर जागून ऐकल्या आहेत त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. फक्त आपल्याकडे शाहीर पुरुष, सवाल पुरुषाचा आणि जवाबही बहुतेक पुरुषाचाच. दोहोरीत बाईची बाजू बाईच गाते, आणि पुष्कळदा जिंकते. फोनवरची दोहोरी ऐकता येते, तिला उत्तर देता येत नाही. पण व्हिडिओ कॉलवर गावच्या बायका गात असतात आणि इथून ही एक ओळ टाकते, असंही होतं. आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचतो, ताल चुकतो, दोन्हीकडे हशा होतो. तेवढं चालतं.

सुदूर पश्चिमेकडच्या बायकांचा तीजपेक्षा मोठा सण गौरा. तोही भाद्रपदाच्या सुमारास. पंचमीला पाच धान्यं भिजत घालतात, त्याला बिरुडा म्हणतात, आणि शेतातली रोपं आणून त्यांची गौरा करतात. तेरड्याची गौर आणणाऱ्या कोकणी माणसाला यात परकं वाटावं असं काय आहे? रोपांची देवी, पावसाळा, उपास, आणि बायकांची रात्रभर गाणी. गौरात देउडा खेळतात: हातात हात घालून, गोल करून, एका बाजूने ओळ टाकायची, दुसऱ्या बाजूने ती फिरवून परत करायची. एकट्याने देउडा होतच नाही.

दोन बायका एकाच आवारात दोन गौरी पुजतात आणि एकमेकींची गाणी त्यांना माहीत नसतात, हे मला या किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं नवल वाटतं. त्यात दोष कुणाचा नाही. मालकीण आणि कामवाली यांच्यात गाण्याची देवघेव व्हायला जी बरोबरी लागते ती तिथे नसते, इतकंच.

शब्द, चाल, प्रसंग

गाण्याचे ढोबळ तीन भाग धरा: शब्द, चाल आणि ते कधी म्हणायचं तो प्रसंग. स्थलांतरात तिन्ही एकदम जात नाहीत. कुठला भाग आधी गळतो आणि कुठला शेवटपर्यंत राहतो यावरून त्या बायकांवर कसला दाब आला ते बरंचसं सांगता येतं.

चाल सगळ्यांत खोल रुजलेली असते. २००९ साली जर्मन आणि फ्रेंच नवजात बाळांच्या रडण्याची तुलना झाली. फ्रेंच बाळांचं रडणं बहुधा चढत जात होतं, जर्मन बाळांचं उतरत होतं, म्हणजे आपापल्या आईच्या भाषेच्या हेलासारखं. शब्द कळायच्या कितीतरी आधी, पोटात असतानाच, बाळाने हेल उचललेला. पाळणा म्हणणारी बाई बाळाला काय शिकवत असते ते यावरून कळावं.

मॉरिशसकडे बघा. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर उसाच्या मळ्यांसाठी तिथे गेले. मुंबई बंदरातून चढलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागातले पुष्कळ. सुरुवातीच्या तांड्यांत बायका फार थोड्या. त्यांच्या वंशजांच्या घरात आज मुख्यतः क्रेओल बोलतात. मराठी शाळेत आणि देवळात शिकायची भाषा झाली. पण गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि 'झाकरी' अजून नाचतात. ही झाकरी म्हणजे आपली जाखडी, ज्याला मुंबईवाले बाल्या डान्स म्हणतात. शब्दांचा अर्थ अर्धवट कळला तरी ठेका आणि सण शाबूत. इथे बायकांच्या दृष्टीने एक बदल झाला. कोकणात जाखडी पुरुषांची. तिकडे मुलीही नाचतात. समाज लहान झाला की 'हे बायकांचं, ते पुरुषांचं' या रेषा धरून ठेवणं परवडत नाही, आणि त्या भेगेतून बायका आत शिरतात.

त्याच बेटावर भोजपुरी बायकांचा 'गीत-गवाई' हा प्रकार आहे. लग्नाआधी घरात बायका जमतात, पाच सवाष्णी कापडावर हळद, तांदूळ, दूर्वा, पैसे निवडतात, बाकीच्या गातात, मग ढोलक आणि त्याच्या जोडीला लोटा, चमचा, थाळी वाजते. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हणून मान्यता दिली. माझ्या मते तो टिकला त्याचं कारण युनेस्को नाही, लग्न आहे. लग्न कुणी रद्द करत नाही, त्यामुळे निमित्त आपोआप येत राहतं. आणि वाद्यं स्वयंपाकघरातलीच, म्हणजे पुरुषांकडे मागायला नकोत.

आपल्या रायगडात याच जातीचं एक उदाहरण होतं आणि थोडं अजून आहे. आगरी-कोळी लग्नांत धवलारीण लग्न लावते, म्हणजे लग्नाचे विधी पुढे नेणारी गाणी, धवले, ती म्हणते. ही बाई गाते म्हणून नुसती गायिका नाही, तिच्या गाण्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. आता तिच्या जागी भटजी आणि डीजे आलेत. एकाने विधी घेतला, दुसऱ्याने गाणं घेतलं, आणि बाईकडे काही उरलं नाही. कुठेही न जाता आपल्याच गावात परकं होणं म्हणतात ते हे.

नवगावहून लोदला

कोकणातून गेलेल्या बायकांची सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाची आहे. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. नवगावला त्यांचं स्मारक आहे. ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. आडनावं पेणकर, रोहेकर, केहिमकर, दिवेकर, नवगावकर. घरात मराठी. अलिबाग, रेवदंडा, पेण इथली त्यांची प्रार्थनामंदिरं अजून उभी आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८८० च्या सुमारास, या समाजाने कीर्तन स्वीकारलं. तेच पूर्वरंग-उत्तररंग, ओव्या, साक्या, दिंड्या, आर्या हे तेच पद्यप्रकार, फक्त आख्यान योसेफाचं किंवा मोशेचं. त्या काळी मुंबई-कोकणात कीर्तन हे लोकांना गोष्ट आणि नीती एकदम सांगायचं सर्वांत चालतं माध्यम होतं. मराठी बोलणाऱ्या ज्यू माणसाला स्वतःचा धर्मग्रंथ समजून घ्यायला ते सोयीचं पडलं यात आश्चर्य नाही. कीर्तनकार अर्थात पुरुष. बायका ऐकायच्या आणि पदं घरी घेऊन जायच्या.

इस्राएल १९४८ मध्ये स्थापन झालं. त्यानंतरच्या दोन दशकांत या समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद, रमला अशा गावांत त्यांना घरं मिळाली. काही गावं वाळवंटाच्या कडेची. समुद्रकाठी, भातशेतीत वाढलेल्या बाईला तिथे काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. त्याहून मोठा धक्का वेगळा होता. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढली की बेने इस्राएल व्यक्तीच्या लग्नाआधी तिच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी, ते खरे ज्यू आहेत का याची. ज्यू कायद्यात धर्म आईकडून येतो, म्हणजे संशय थेट बायकांच्या वंशावर. समाजाने आंदोलन केलं, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. भारतात ज्यू म्हणून वेगळे, इस्राएलमध्ये भारतीय म्हणून वेगळे.

या दुहेरी वेगळेपणात गाणं काय करतं ते नीट बघण्यासारखं आहे. प्रार्थनामंदिरातली उपासना हिब्रूत, पुरुष चालवतात, आणि ती तिथल्या इतर ज्यूंसारखी होत गेली. मराठी उरली ती घरात, स्वयंपाकघरात, मलिद्याला, मेंदीला. मलिदा म्हणजे पोहे, खोबरं, साखर, फळं यांचं ताट, एलियाहू संदेष्ट्याचं स्मरण करून वाटतात. शुभकार्य असो, नवस असो, मलिदा होतो. ही घरातली जागा बायकांची. म्हणून पुरुषांनी सुरू केलेल्या कीर्तनाची पदं पुढे जुन्या पिढीतल्या बायकांच्या तोंडी राहिली. आख्यान गेलं, टाळ-झांजा गेल्या, बुवा गेले, पदं राहिली. ज्यांना व्यासपीठ कधीच मिळालं नव्हतं त्याच त्यांच्या राखणदार झाल्या.

ते पद म्हणताना बाई एकाच दमात दोन गोष्टी सांगत असते. शब्द बायबलच्या कथेचे, म्हणजे आम्ही ज्यू आहोत, चौकशी करायची गरज नाही. भाषा आणि साकीची चाल मराठी, म्हणजे आम्ही कुलाब्याच्या, आजच्या रायगडच्या आहोत, हेही विसरणार नाही. हे भाषणात सांगायचं तर दोन्हीकडच्या लोकांना खुलासे द्यावे लागतील. चालीत सांगितलं की खुलासा लागत नाही.

पण इथेही शेवटी तोच पेच. नातवंडं हिब्रूत वाढली. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघत आलं, त्याचे वाचक वयस्क. पुढची ओळ उचलणारी कमी कमी होत जाते. टिकतोय तो मेंदीचा समारंभ, लग्नाचं निमित्त असल्यामुळे, पुन्हा. तिथे लोदच्या हॉलमध्ये मराठी पदापेक्षा हिंदी सिनेमाची गाणी जास्त वाजतात. यावर नाक मुरडणारे खूप. मला तसं वाटत नाही. हिब्रू बोलणाऱ्या नातीला साकी पेलत नाही, सिनेमाचं गाणं पेलतं, आणि ते गाताना ती आजीशेजारी उभी तरी राहते. मात्र त्या गाण्यातून ती 'भारतीय' होते, रेवदंड्याची होत नाही. गाव गळतं आणि देश उरतो, हे स्थलांतराच्या तिसऱ्या पिढीत जगभर दिसतं.

मग कुणाचं गाणं पुढे जातं?

हा प्रश्न मराठी मंडळांनाही विचारायला हवा. दुबईत, लंडनमध्ये, अमेरिकेत मराठी बायकांचा कार्यक्रम म्हटला की नऊवारी, नथ आणि मंगळागौर. खेळ सुंदरच आहेत. झिम्मा, पिंगा, फुगडी यांत शरीर, श्वास आणि ताल यांचं जे काम होतं त्याला व्यायामशाळा लागत नाही. पण मंगळागौरीचं व्रत मुख्यतः ब्राह्मण घरांतल्या नवविवाहितेचं, श्रावणातल्या मंगळवारचं, लग्नानंतर पाच वर्षं करायचं. परदेशात ते 'मराठी स्त्रीचं' झालं. कुणबी बाईचा गौरीचा नाच, धवलारणीचे धवले, मुसलमान कोकणी घरातली हळदीची गाणी त्या मंचावर क्वचित पोचतात, कारण मंडळं ज्यांनी स्थापन केली त्यांच्या आज्यांना ती येत नव्हती. दूर गेल्यावर एका गटाची आठवण सगळ्यांची आठवण म्हणून मांडली जाते. गौरीचा नाच येणारी एखादी दापोलीची बाई त्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलेली असते आणि टाळ्या वाजवत असते.

उलटा प्रकार कोळीगीतांचा. ती ध्वनिमुद्रिकांतून, कॅसेटमधून, सिनेमातून इतकी पसरली की महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनात टोपल्या घेऊन मुली नाचतात. गाणं सगळ्यांचं झालं. मासळी बाजारात टोपलीखाली जागा मिळावी म्हणून भांडणाऱ्या कोळणीला त्यातून काय मिळालं, हे मात्र कुठल्या संमेलनात विचारत नाहीत.

स्नेहसंमेलनाचा विषय निघालाच आहे तर आपल्या किनाऱ्यावरच्या जिल्हा परिषद आणि नगरपरिषदेच्या शाळांबद्दल एक सांगायला हवं. पटसंख्या घटतेय आणि काही वर्गांत नेपाळी कामगारांची मुलं मोठ्या संख्येने आहेत. त्या मुली मराठी प्रार्थना खणखणीत म्हणतात, पाढे म्हणतात, टोपली घेऊन कोळीनृत्यही करतात. घरी आई नेपाळी किंवा त्यांच्या पहाडी बोलीत बोलते. काही वर्षांनी या मुलींना गौराची गाणी येतील की नाही हे आईच्या हौसेवर ठरणार नाही. हंगामाला धरून गावी जाणं राहतं का, शेजारच्या बागेत त्यांच्याकडची आणखी दोन घरं असतात का, आणि शाळेला त्या गाण्यासाठी दहा मिनिटं द्यावीशी वाटतात का, यावर ते ठरेल.

एखाद्या बाईंना संमेलनात देउडा बसवावासा वाटला तर एक व्यवहाराची गोष्ट. गाणं आयांकडून घ्या, यूट्यूबवरून नको. घेताना त्यांना विचारून घ्या, आणि सूत्रसंचालनात 'नेपाळी लोकनृत्य' एवढंच न म्हणता कुठल्या भागातलं आणि कुठल्या सणाचं ते सांगा. ध्वनिमुद्रण लावू नका, मुलींना गाऊ द्या. एक बाजू ओळ टाकते आणि दुसरी ती परत करते, त्यामुळे दोन मुलींत हे होत नाही, दोन्हीकडे तीन-तीन तरी लागतात. तेवढ्या नेपाळी मुली शाळेत नसतील तर दुसऱ्या बाजूला वाडीतल्या मुली उभ्या करा. ओळी पाठ व्हायला त्यांना फार वेळ लागत नाही, शक्ती-तुरा ऐकत वाढलेल्या असतात.